फडातील आग : सभासदांनी घ्यावयाची खबरदारी



गेल्या हंगामातील गोष्ट. फेब्रुवारी संपत आला होता. दुपारी दीडच्या सुमारास आम्ही शेतकी कार्यालयात पुढच्या आठवड्याचा तोडणी कार्यक्रम लावीत बसलो होतो. एवढ्यात एका गट कार्यालयातून चिटबॉयचा फोन आला, "साहेब, ओढ्याकडचा फड पेटलाय. गाड्या पाठवा." गाड्या ऊस वाहतुकीच्या पाठवायच्या की आगीच्या, हे विचारण्याइतकाही वेळ नव्हता. दोन्हींची व्यवस्था करायला सांगून आम्ही जीपने निघालो. पाच-सहा किलोमीटरवरूनच धुराचा लोट दिसू लागला.

आम्ही पोचलो तेव्हा पहिल्या तीन एकरांत विझवण्यासारखे काही उरले नव्हते. आग बांध ओलांडून शेजारच्या उसात शिरली होती. पाचट पेटल्याचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो सांगायला नको. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा ताडताड आवाज, आणि मधूनच वाऱ्याचा झोत आला की सगळा फड एकदम हुंकारल्यासारखा. चाळीस-पन्नास माणसे बांधावर उभी होती, निम्म्यांच्या हातात मोबाईल होते. बायका वस्तीवरची जनावरे सोडीत होत्या. आणि एका लिंबाखाली ज्यांचा ऊस त्या तात्यांना निजवले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत आणि पाठ भाजलेली.

तात्या पासष्टीच्या पुढचे. ठिबकचा संच आणि मोटारीचा स्टार्टर वाचवावा म्हणून ते पेटत्या फडात शिरले. पुतण्या आणि तोडणी टोळीचा मुकादम, दोघांनी ओली गोणपाटे पांघरून त्यांना ओढून बाहेर काढले म्हणून ते आज आहेत. नंतर दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा आम्ही जरा रागावूनच विचारले, "तात्या, स्टार्टरची किंमत ती काय, अन् तुम्ही जिवावर उदार झाला?" ते म्हणाले, "स्टार्टरसाठी नाय गेलो ओ. अठरा महिनं पोरावानी सांभाळला ऊस. डोळ्यांदेखत जळताना बघवंना. पाय आपोआप आत गेलं."

त्या दिवशी पाच सभासदांचा मिळून अकरा एकर ऊस जळाला. आग कशाने लागली हे शोधायला लांब जावे लागले नाही. फडावरून गेलेल्या वीजवाहिनीच्या एका गाळ्यात तारांना झोळ पडला होता. दुपारी वारा सुटला की तारा एकमेकींना घासत आणि ठिणग्या पडत. ही गोष्ट दिवाळीपासून सगळ्या वस्तीला ठाऊक होती. दोघांनी वायरमनला तोंडी सांगितलेही होते. लेखी अर्ज मात्र एकानेही केला नव्हता. आमच्या गटाच्या कर्मचाऱ्यानेही त्या तारा रोज पाहिल्या होत्या, तेव्हा दोष केवळ सभासदांचा आहे असे आम्ही म्हणत नाही. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' असे आपण एकमेकांना हसत म्हणतो. त्या दिवशी ते आमच्यावरच उलटले. तालुक्याच्या गावाहून बंब आला तो सव्वातीनला, निखारे विझवायला.

यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी या विषयावर चार शब्द सविस्तर लिहावेत असे तेव्हापासून मनात होते.

पहिली गोष्ट तारांची. आपल्याकडे उसाला लागणाऱ्या आगींत तारांचा वाटा मोठा आहे, हे कोणत्याही गावात विचारले तरी कळेल. पण त्यामागचे गणित फारसे कोणी मांडून पाहत नाही. ११ केव्हीची उघडी तार रस्ता नसलेल्या ठिकाणी जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे सुमारे १५ फूट उंच असावी, असा नियम आहे. आता आडसालीचा चांगला पोसलेला ऊस शेंड्याच्या पानासह बारा-चौदा फुटांवर सहज जातो. मग नियमाप्रमाणे तार असली तरी मध्ये उरते काय? हात-दीड हात. आणि तारेला झोळ असेल, खांब एका अंगाला कलला असेल, तर तेवढेही नाही. उन्हाने तार तापून सैल पडते, त्यामुळे सकाळी ठीक दिसणारा गाळा दुपारी खाली आलेला असतो. उसाचे पाणी तोडणीपूर्वी दहा-पंधरा दिवस तोडलेले, खालचे पाचट वाळून कडकडीत झालेले, आणि वारा दुपारीच जोरावर. फड दुपारी बारा ते चारच्या दरम्यान का पेटतात याचे उत्तर एवढ्यातच आहे.

याला पहिला उपाय आपल्या हातातला आहे. तारेखाली ऊस लावू नये. तारेच्या दोन्ही अंगांनी दोन-तीन सऱ्या सोडून तेथे हरभरा, भुईमूग, लसूणघास असे बुटके पीक घ्यावे. डीपीच्या भोवतीही तशीच मोकळी जागा ठेवावी. "साहेब, एवढी जागा मोकळी सोडायला आमच्याकडं काय शंभर एकर हाय?" असे आम्हांला पुष्कळ जण विचारतात. प्रश्न खरा आहे. अर्ध्या एकराच्या धन्याला दोन सऱ्यासुद्धा जड असतात. पण तेथे ऊस नको एवढेच आमचे म्हणणे, जमीन पडीक ठेवा असे नव्हे. घरच्या गुरांना घास तरी होईल.

दुसरा उपाय अर्जाचा. झोळ काढणे, कललेला खांब सरळ करणे, दोन तारांमध्ये स्पेसर बसविणे, सैल जंपर घट्ट करणे ही वीज कंपनीची कामे आहेत. ती तोंडी सांगून होत नाहीत. अर्ज लेखी द्यावा, त्यात जमिनीचा गट नंबर, जवळच्या डीपीचे नाव आणि खांबांची खूण लिहावी, एका प्रतीवर पोच घ्यावी आणि ती प्रत सातबाऱ्याच्या कागदांत जपून ठेवावी. मोबाईलवर फोटो काढला तर अधिक चांगले. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबरही लिहून ठेवावा. पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न आला की ही पोच साक्षीदारासारखी उभी राहते. दवाखान्यातून आल्यावर तात्यांनी आम्हांला पहिला प्रश्न हाच विचारला होता, "त्या पोचेचा कागद असता तर?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आणि एक गोष्ट जरा कडू आहे, पण लिहितो. डीपीच्या पेटीत फ्यूज उडाला की जाड तार गुंडाळून टाकायची, आणि वाहिनीवर आकडे टाकून मोटारी चालवायच्या, हे प्रकार आपल्यातलेच कोणीतरी करीत असतात. फ्यूज उडतो तो फड वाचवायला. त्याच्या जागी जाड तार घातली की दोष वाहिनीत तसाच राहतो आणि ठिणगी उसात पडते. रात्रीच्या पाळीला पाणी द्यायची घाई असते हे आम्ही जाणतो. तरी हे करू नये.

दुसरा विषय पाचटाचा. तारेची ठिणगी हे निमित्त झाले, पेट घेते ते पाचट. एका हेक्टर उसातून ८ ते १० टन वाळलेले पाचट निघते. एवढे सरपण आपण फडातच साठवून ठेवलेले असते. उभ्या उसातील वाळलेली पाने पाचव्या-सहाव्या महिन्यापासून वेळोवेळी काढून सरीत दाबली तर ती ओलाव्याने कुजतात. संपूर्ण फडाला मजूर परवडत नसतील तर निदान बांधाकडच्या, रस्त्याकडच्या आणि तारेलगतच्या पाच-सहा सऱ्यांचे तरी पाचट काढावे. आग नेहमी कडेने शिरते. फडाच्या चारी बाजूंनी दहा-पंधरा फुटांचा पट्टा नांगरून किंवा कुळवून स्वच्छ ठेवावा. बांधावरचे वाळलेले गवत कापून घ्यावे. ते पेटवून देऊन बांध साफ करण्याची पद्धत सोडावी, कारण बांध साफ करताना शेजाऱ्याचा फड साफ झाल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. सलग वीस-पंचवीस एकर ऊस असलेल्या शिवारात सर्वांनी मिळून मधून एक गाडीवाट राखली, तर तीच आगीला आडवी येते आणि तोडणीच्या वेळी वाहनालाही उपयोगी पडते.

तोडणीनंतरचे पाचट जाळणे हा तर जुना रोग. "खोडवा चांगला फुटतो," "उंदीर मरतात," "मशागत सोपी होते" अशी कारणे सांगतात. राखेत नत्र राहत नाही, ते धुरावाटे निघून जाते. सेंद्रिय कर्बही जातो, आणि तोच तर आपल्या चोपण होत चाललेल्या जमिनींना हवा आहे. पाडेगावच्या संशोधन केंद्राची आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची शिफारस पाचट ठेवण्याचीच आहे. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी दिले की ते खोडव्यातच कुजते. मात्र यात एक सावधगिरी सांगायची राहते. पाचट आच्छादन म्हणून पसरल्यावर पहिले पाणी मिळेपर्यंत तो सगळा फड म्हणजे अंथरलेला कापूसच. त्या आठ-दहा दिवसांत तेथे विडी ओढत फिरू नये, आणि शक्य तितक्या लवकर पाणी द्यावे किंवा कुट्टी करून मातीत मिसळावे.

विडीवरून आठवले. टोळीतील माणसांना आपण नावे ठेवतो, पण गेल्या दोन हंगामांत विडीने लागलेल्या ज्या आगी आमच्या कानावर आल्या, त्यांत पाणी द्यायला गेलेले मालकही होते. काडी जमिनीवर टाकण्यापूर्वी मोडावी. जुन्या माणसांची ही सवय फार चांगली होती.

डोंगरकडेच्या गावांना आणखी एक धोका आहे, तो वणव्याचा. होळीच्या आसपास डोंगरावरचे गवत वाळून पिवळे पडते. "जाळलं की गवत चांगलं येतं" या समजुतीने कोणीतरी काडी लावतो, आणि रात्रभर डोंगराच्या माथ्यावर माळ घातल्यासारखी आग दिसत राहते. वाळलेल्या गवताची मुळे, कोवळी रोपे, पक्ष्यांची घरटी, सारे जाते. पहिल्या पावसात उघडी माती वाहून ओढ्यात येते. राखीव जंगलात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ अन्वये गुन्हा आहे. वनखाते हिवाळ्यानंतर जाळरेषा काढते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींचे संदेश वनखात्याकडे पाठविते. पण उपग्रहाने पाहण्याआधी गुराख्याने पाहिलेले असते. वणवा दिसताच १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवावे. गावाने मिळून डोंगराच्या पायथ्याला, मालकी रानाच्या हद्दीवर, आपल्या बाजूनेही गवत कापून एक पट्टा काढावा. दोन दिवसांचे श्रमदान पुरते. होळीपूर्वी ते व्हावे.

वणवा विझवायला डोंगरात जाणाऱ्या तरुण पोरांना एक गोष्ट अगदी बजावून सांगायची आहे. आग चढाने पळते. उतारावर खाली येताना ती सावकाश येते, पण चढावर तिचा वेग वाढत जातो. दर दहा अंशांच्या चढाला तो साधारण दुप्पट होतो असे जाणकार सांगतात. दम लागलेला माणूस तिच्यापुढे चढू शकत नाही. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने गिर्यारोहणास गेलेल्या मंडळींना गाठले आणि २३ जणांचा जीव गेला. तेव्हा आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नये. घळीत, नाळेत शिरू नये, तेथे आग धुराड्यासारखी वर ओढली जाते. बाजूने यावे, आग जेथून पुढे गेली तेथून मागच्या मागे झोडपत जावे आणि जळून काळी झालेली जमीन पाठीशी ठेवावी. काळ्या जमिनीवर पुन्हा आग येत नाही, पळायची वेळ आली तर तीच जागा.

आता कोप्यांविषयी. आपल्या उसाला कोयता लावायला बीड, नगर, जळगावकडून माणसे लेकराबाळांसह येतात आणि पाच-सहा महिने पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्यांत राहतात. एकीला चिकटून एक कोपी, दारात चूल, मागे वाढ्यांचा ढीग, शेजारी बैल. पहाटे आईबाप तोडीला गेलेले आणि कोपीत तान्हे मूल झोळीत. हे चित्र पाहिले की आमच्या पोटात गोळा येतो. टोळीला जागा देणाऱ्या सभासदाने आणि आमच्या गट कर्मचाऱ्याने मिळून इतके तरी पाहावे, की कोप्यांची रांग तारेखाली नसावी, दोन कोप्यांमध्ये निदान तीन-चार पावलांचे अंतर असावे, चूल कोपीच्या दाराशी नसून वाऱ्याच्या खालच्या अंगाला मातीचा आडोसा करून असावी, आणि प्रत्येक रांगेला पाण्याने भरलेले दोन पिंप व वाळूच्या चार बादल्या असाव्यात. पहाटे तोडीला निघताना चुलीतला विस्तव पाणी टाकून विझवावा, राखेने झाकलेला विस्तव वाऱ्याने उघडा होतो. मुलांजवळ एक तरी मोठे माणूस थांबावे. कारखान्याची साखरशाळा किंवा पाळणाघर जेथे चालू असेल तेथे मुले पाठवावीत म्हणून मुकादमाला आपणही आग्रह करावा. ती माणसे आपली पाहुणी आहेत. तात्यांना आगीतून ज्याने ओढून काढले तो मुकादमही कोपीतच राहणारा होता.

इतके करूनही आग लागलीच तर?

प्रथम ओरडून आणि फोन करून सांगावे, एकट्याने विझवायला धावू नये. अग्निशमनासाठी १०१ किंवा ११२, आणि लगेच आपले गट कार्यालय. कारखान्याचा टँकर आणि आजूबाजूच्या टोळ्या आम्ही वळवू शकतो. आग तारेमुळे असेल तर वीज बंद करायला सांगावे, आणि ती बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारांवर पाण्याचा फवारा मारू नये. तुटून पडलेल्या तारेपासून निदान ३० फूट दूर राहावे, ती विझलेली दिसली तरी. येथे एक अडचण लक्षात ठेवण्याजोगी आहे. वीज बंद झाली की विहिरीवरची मोटारही बंद होते. म्हणजे ज्या पाण्याच्या भरवशावर आपण निश्चिंत असतो ते आयत्या वेळी हाती लागत नाही. शेतीची वीज एरवीही पाळीने येते. म्हणून हंगामात वस्तीवरची टाकी, हौद, पिंपे भरलेली असावीत. गावात द्राक्षबागायतदार असतील तर त्यांच्या ट्रॅक्टरचे फवारणी ब्लोअर फार उपयोगी पडतात. पाचशे-सहाशे लिटर पाणी, दाबाने, थेट बांधापर्यंत नेता येते. असे ब्लोअर कोणाकडे आहेत याची यादी सोसायटीच्या भिंतीवर लावून ठेवा.

उभ्या पेटलेल्या फडावर पाणी मारण्यात बहुधा अर्थ नसतो. तो जातोच. वाचवायचा असतो तो पुढचा. वारा कोणीकडे आहे ते पाहून, आगीच्या पुढे भरपूर अंतर ठेवून, आठ-दहा कोयत्यांनी पंधरा-वीस फुटांचा पट्टा तोडावा, तोडलेला ऊस आणि पाचट आगीच्या विरुद्ध बाजूला ओढून टाकावे आणि त्या पट्ट्यावर पाणी मारावे. बाकीच्यांनी ओली गोणपाटे आणि लिंब-निरगुडीचे हिरवे ढाळे घेऊन उडून येणाऱ्या पेटत्या पानांवर लक्ष ठेवावे. रस्ता ओलांडून कडब्याच्या गंजीवर पान पडले की दुसरी आग सुरू. समोरून आग लावून आग विझविण्याची युक्ती काही जुनी माणसे जाणतात, पण वारा फिरला तर तीच माणसे दोन आगींच्या मध्ये सापडतात. आम्ही ती सुचवणार नाही.

उसात कोणी शिरू नये. स्टार्टर, पाईप, ठिबक, सायकल, काहीही आत असो. फडात दहा पावलांवर दिशा कळत नाही, धुराने तर मुळीच नाही. धुरात सापडलेच तर ओला कपडा नाकातोंडावर धरून वाकून चालावे आणि नांगरट, पाट, ओढा किंवा काळी पडलेली जमीन गाठावी. विझवायला येणाऱ्यांनी सुती कपडे घालावेत, नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे आणि साड्या वितळून कातडीला चिकटतात. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर लोळावे, दुसऱ्याने घोंगडी टाकावी. गोठ्याची दावी आधी सोडावीत किंवा सरळ कापावीत. आणि फड जळत असताना दुसऱ्या बाजूने काय बाहेर येईल ते सांगता येत नाही. साप, रानडुकरे तर आहेतच. जुन्नर-शिरूर भागासारखा बिबट्या आता पुष्कळ ठिकाणच्या उसात नांदतो आहे. पळणाऱ्या जनावराची वाट अडवू नये. पिल्ले सापडली तर हात न लावता वनखात्याला कळवावे, आई त्यांना शोधत परत येते.

भाजलेल्या माणसाला ताबडतोब साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. बर्फ नको. हळद, तूप, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये, डॉक्टरांना ते खरवडून काढावे लागते आणि त्याचे हाल माणसाला सोसावे लागतात. बांगड्या, अंगठ्या, करदोटा सूज येण्यापूर्वी काढावा. चिकटलेला कपडा ओढू नये. स्वच्छ धुतलेल्या कपड्याने झाकून १०८ ची गाडी बोलवावी. तात्यांच्या हाताला कोणीतरी घाईने तूप चोपडले होते. माणसाने मायेनेच केले ते, पण त्यांचा उजवा हात अजून पुरता मिटत नाही.

आग विझल्यावर काय करावे यात फार गोंधळ होतो. त्याच दिवशी तलाठ्यास कळवून पंचनामा करून घ्यावा. आग विजेमुळे असेल तर पोलीस ठाण्यात खबर द्यावी, वीज कंपनीच्या कार्यालयास लेखी कळवावे आणि विद्युत निरीक्षकाच्या तपासणीची मागणी करावी. पंचनाम्यापूर्वी तारांचे, खांबाचे, जळालेल्या उसाचे फोटो घ्यावेत. पण पंचनाम्याच्या नादात ऊस ठेवू नये. उन्हाने आणि आगीने सालीला चिरा पडतात, साखर फुटू लागते, आणि ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू आत शिरून रस चिकट करतो. असा रस गाळणीत अडतो आणि उतारा खाली येतो. वजनही रोज घटते. चोवीस तासांत गाळपाला आला तर उत्तम, अठ्ठेचाळीसच्या पुढे जाऊ नये. एक चूक अनेकजण करतात. घाबरून सगळा ऊस एकदम तोडून ठेवतात. जळालेला ऊस उभा असेतो जरा धीर धरतो, तोडून पडला की लवकर बिघडतो. वाहन येईल तितकाच तोडावा. ऊस लहान, चार-सहा महिन्यांचा असेल तर निराश होऊ नये. जमिनीलगत छाटून हलके पाणी आणि नत्राचा हप्ता दिला तर बुडखे बहुधा फुटतात.

जळीत उसाला तोडणी कार्यक्रमात प्राधान्य द्यावे लागते, ते यासाठी. आणि येथेच एक अवघड विषय येतो. आपल्या क्षेत्रात काही फड पेटत नाहीत, पेटविले जातात. कधी तोड लवकर यावी म्हणून मालक काडी लावतो, कधी पाचट सोलायचे श्रम वाचावेत म्हणून टोळी तसा हट्ट धरते आणि मालक नाइलाजाने मान डोलावतो. तोड लांबली की माणूस हातघाईला येतो. ऊस तुरा येऊन पोकळ पडत असताना कार्यक्रमाची वाट पाहणे सोपे नाही, आणि कार्यक्रम वेळेवर पाळला जावा ही जबाबदारी आमची आहे. ती जेथे चुकली तेथे आम्ही मान्य करतो. परंतु पेटवलेला एक फड पुढे सरकला की वेळेत नाव असलेला दुसरा सभासद मागे सरकतो. ज्याने नियम पाळला त्याचा ऊस वाळतो. शिवाय वारा कोणाचे ऐकत नाही, सुक्याबरोबर ओलेही जळते. जळीत उसाच्या दरातून ठरावाप्रमाणे कपात होते तो तोटा वेगळाच.

बाहेरच्या देशांतही हा प्रश्न होता. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस रोगाने तोडणी कामगार दगावू लागले, तेव्हा १९३५ साली त्यांनी संप केला आणि ऊस जाळून मगच तोडावा अशी मागणी केली. पुढे यंत्राने तोडणी आली, तशी तेथील पुष्कळ भागांत हिरवा ऊस तोडून पाचट रानातच पसरण्याची पद्धत रुळली. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याने २००२ साली कायदा करून तोडणीपूर्वी ऊस जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये कोरड्या हवेत आणि वाऱ्यात तेथे रिबेराव प्रेतो भागात हजारो हेक्टर ऊस जळाला. त्यांच्याजवळ आपल्यापेक्षा कितीतरी अधिक बंब आणि यंत्रे होती.

तात्यांच्या रानात आता खोडवा आहे. बरा फुटला आहे. तारेखालच्या तीन सऱ्यांत त्यांच्या सुनेने हरभरा टाकायचे ठरवले आहे. तारांचा झोळ काढला गेला, खांबही सरळ झाला, पण त्याला अकरा एकर जळावे लागले.

प्रत्येक सभासदाने आपल्या ऊसक्षेत्रावरून तार जात असल्यास जमिनीचा गट नंबर, लागणीची तारीख आणि तारेची स्थिती (झोळ, कललेला खांब, ठिणग्या) एका साध्या कागदावर लिहून गाळप सुरू होण्यापूर्वी गट कार्यालयात आणून द्यावी. एकत्रित यादी करून कारखान्यातर्फे वीज कंपनीकडे लेखी पाठविण्यात येईल आणि तिची पोच गट कार्यालयाच्या फलकावर लावण्यात येईल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा कागद चिटबॉय लिहून देतील.